स्टेटस टाकण्याआधी फाइल झाका! नव्या वकिलांनो, या चुका टाळा

साताऱ्यात वकिली करत आणि लॉच्या मुलांना प्रोफेशनल एथिक्सचा पेपर शिकवत माझे केस पिकले. पूर्वी या पेपरला मुलं झोपायची. आता जागी असतात, पण एक हात बाकाखाली फोनवर. त्याच त्या चुका दरवर्षी नव्या चेहऱ्यांनी माझ्यासमोर येतात, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

सगळ्यात जास्त चीड येते ती 'रात्रीचं ड्राफ्टिंग' या फोटोची. गोष्ट माझ्याच ऑफिसातली आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत. त्याशिवाय मी ती वर्गातही सांगत नाही. एका विवाहितेचं प्रकरण होतं. रविवारी दोन्हीकडची वडीलधारी माणसं बसणार होती, बरंचसं मिटत आलं होतं. नाहीच मिटलं तर हाताशी असावा म्हणून पोटगीचा अर्ज ज्युनिअरला घरी करायला दिला. फाइल घरी दिली ही माझी चूक, ती आधी कबूल करतो.

पठ्ठ्याने रात्री साडेदहाला फोटो काढून स्टेटसला टाकला. चहाचा कप, चष्मा, सुटलेली फाइलची दोरी, खाली ओळ: 'वकिलाला रात्र नसते.' कपाखाली अर्जाचं पहिलं पान. झूम केलं की नाव, वय आणि तिसऱ्या परिच्छेदातली सासऱ्यांबद्दलची दोन वाक्यं सरळ वाचता येत होती. त्याच्या फोनमध्ये चारेकशे नंबर. त्यातला एक निघाला त्या बाईंच्या चुलत दिराचा, कधीतरी सातबाऱ्याच्या कामाला आलेला. सकाळी आठला स्क्रीनशॉट सासरी पोचला. रविवारी त्यांच्याकडून कुणीच आलं नाही. बाई मात्र सोमवारी ऑफिसात आल्या. आरडाओरडा नाही, काही नाही. एवढंच म्हणाल्या, "साहेब, हे मी आईलासुद्धा सांगितलं नव्हतं."

आता कलम ऐका. जुन्या पुरावा कायद्यातलं 126, 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमातलं 132. पक्षकाराने वकिलाला विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याच्या स्पष्ट संमतीशिवाय उघड करायची नाही, आणि केस संपली, वकीलपत्र काढून घेतलं तरी हे बंधन सुटत नाही. गैरवर्तन ठरलं तर ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम 35 खाली समज, निलंबन, थेट सनद जाण्यापर्यंत मजल जाते.

"सर, मी नाव काळं करून टाकतो." हा शॉर्टकट मला दर बॅचला ऐकवतात. बाबांनो, नाव खोडता आणि केस नंबर ठेवता. ई-कोर्ट्सच्या ॲपवर नंबर टाकला की दोन्ही पक्षकार हजर. आणि नंबर खोडला तरी तालुका, तारीख आणि 'पोटगी' एवढ्यावर आपल्याकडे पारावर नाव ठरतं. माझी सवय साधी आहे: टेबलावर कागद, तेव्हा फोन ड्रॉवरमध्ये. फोटोची फारच हौस असेल तर खिडकीत उभं राहून अजिंक्यताऱ्याचा काढा. त्याला पोटगी मागायची नाही.

दुसरा आजार जाहिरातीचा. 'चोवीस तासांत जामीन, फोन करा' अशी रील, मागे ढोल-ताशा. बार कौन्सिल म्हणजे वकिलांवर देखरेख ठेवणारी संस्था; तिच्या नियम 36 प्रमाणे वकिलाला प्रत्यक्ष किंवा आडून काम मागता येत नाही. चालवत असलेल्या केससंदर्भात स्वतःचा फोटो छापून आणणंही त्याच नियमात येतं. 'जामीन मंजूर' म्हणून पक्षकाराबरोबरचा पेढ्यांचा फोटो म्हणजे तेच. 2008 नंतर वेबसाइटची मुभा आहे, पण नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक, शिक्षण, कामाचं क्षेत्र एवढ्यापुरतीच. जुलै 2024 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ऑनलाइन जाहिरातींवर बार कौन्सिलचे कान टोचले, तरी रील काही थांबेनात. कायदा समजावून सांगा, जरूर सांगा. शेवटी 'तुमची केस कमेंटमध्ये लिहा' आलं की ते काम मागणंच झालं. ज्याला पाच वर्षं तारखांना उभं राहायचा धीर नाही, तोच पहिल्या महिन्यात फॉलोअर मोजतो, हे माझं मत. पटलं नाही तरी चालेल.

ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून गाऊनमधल्या फोटोंना ऊत आलाय. कोर्टात घाला की! पण गळ्यातली पांढरी पट्टी म्हणजे बँड आणि गाऊन घालून ढाब्यावर? कोर्टाबाहेर तो घालायचा नाही, असाही नियम आहे.

बाकीचं पटापट. सनद हातात यायच्या आधी प्रोफाइलवर 'अ‍ॅड.' लावू नका. ऑनलाइन सुनावणी रेकॉर्ड करू नका. बलात्कार पीडितेची ओळख कळेल असं काहीही टाकू नका; भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली दोन वर्षांपर्यंत कैद आहे.

न्यायाधीशांवर राग निघाला की रात्री पोस्ट लिहू नका. "सुप्रीम कोर्टातले वकील प्रशांत भूषण, त्यांना एक रुपयाच दंड झाला ना?" असं मुलं विचारतात. हो, 2020 मध्ये, न्यायालयाचा अवमान ठरलेल्या दोन ट्विट्ससाठी. तो रुपया भरला नाही तर तीन महिने कैद आणि सर्वोच्च न्यायालयात तीन वर्षं वकिली बंद, हे पुढचं वाक्य कुणी वाचत नाही.

वर्गात मी काय करतो, तर प्रत्येकाला आपली शेवटची पोस्ट कागदावर उतरवायला लावतो, त्यावर कोर्टात पुराव्याच्या कागदावर लिहितात तसं 'निशाणी 1' लिहितो आणि विरुद्ध बाजूचा वकील होऊन उलटतपास घेतो. तीन प्रश्नांत निम्मी मुलं पोस्ट काढून टाकतात.

आणि चूक झालीच तर? पोस्ट काढा, पण तेवढ्यावर निजू नका. स्क्रीनशॉट कुणाकडे तरी असतो, आणि साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडून तो पुराव्यातही येऊ शकतो. त्याच रात्री सीनियरला उठवा आणि पक्षकाराला स्वतः सांगा. माझ्या ज्युनिअरने स्टेटस काढलं आणि गप्प बसला. मला कळलं ते सोमवारी, त्या बाईंकडून.