फ्लॅटलँड शिकताय? आधी दोनच गाड्या सोडा

आमच्या वावराकडं जाणारी पांदण एका बंडीपुरतीच. समोरून दुसरी बंडी आली, की एकाला बैल सोडून बंडी मागं ढकलावी लागते. फ्लॅटलँडमध्ये, म्हणजे संगणकावर चौकटी-चौकटींच्या नकाशात आगगाड्या चालवायच्या प्रोग्रामात, तीही सोय नाही. गाडी मागं घेता येत नाही. रूळ जिथं संपतो त्या टोकावरच काय ती उलटी फिरते.

स्विस रेल्वेच्या पुढाकारातून आलेलं हे पायथन या प्रोग्रामिंग भाषेचं पॅकेज. वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (या कामापुरता पायथनचा वेगळा कप्पा) करून 'pip install flatland-rl' द्या. मला तीनदा द्यावं लागलं; आमच्याकडं लाइन गेली की मोबाइलचं नेटही जातं.

मग 'रेलएन्व्ह' (RailEnv), म्हणजे रूळ आणि गाड्यांचं मैदान, बनवा: रुंदी 30 चौकटी, उंची 30, रूळ आखायला स्पार्स रेल जनरेटर, कोणती गाडी कुठून कुठं हे ठरवायला स्पार्स लाइन जनरेटर. गाड्या दोन. मी पहिल्याच रात्री 20 घातल्या न् सगळ्यांना 'पुढं' सांगितलं. थोड्या वेळानं पडद्यावर काही हलेना. लॅपटॉप अडकला म्हणून बंद केला. अडकल्या होत्या गाड्या, तोंडाला तोंड लावून. प्रोग्राम बिचारा चालूच होता.

आधी रीसेट (सगळं सुरुवातीपासून मांडणं), मग दर स्टेपला एक डिक्शनरी, म्हणजे जोड्यांची यादी: गाडीचा नंबर आणि तिला हुकूम. 1 डावीकडं, 2 पुढं, 3 उजवीकडं, 4 थांब. 0 म्हणजे काही करू नको, पण चालत्या गाडीला 0 दिलं तर ती थांबत नाही, चालतच राहते. इथं मी एक अख्खी संध्याकाळ घालवली. शिवाय सुरुवातीला गाडी नकाशावर नसतेच. निघायची वेळ झाल्यावर 2 दिलं की रुळावर येते.

रिवॉर्ड (गाडीला मिळणारे गुण), ट्री ऑब्झर्वेशन (गाडीला पुढच्या वाटा दाखवणारी माहिती) सध्या राहू द्या. रेंडरटूलनं (RenderTool, नकाशा पडद्यावर दाखवणारं साधन) नकाशा उघडा आणि हातानं दोन गाड्यांचं क्रॉसिंग करून बघा. बाबा मागं उभे राहून बघत होते. म्हणाले, "अबे, एकीले फाट्यावर उभी ठेव ना!"

तेच करायचं. दुहेरी रूळ जिथं पुन्हा एक होतात, त्या सांध्याच्या आधीच्या चौकटीतच पहिलीला 4 द्या; सांध्यात शिरली की उशीर झाला. समोरून येणारीला त्याच सांध्यावर, मोकळा रूळ जिकडं असेल तसं, 1, 2 किंवा 3 देऊन मोकळ्या रुळावर घ्या. ती पार झाली की पहिलीला 2.