यूएसडीटीचे रुपये करताना: भाव कोणता धरायचा, पैसा कोणाकडून घ्यायचा

परदेशी ग्राहकाने कामाचा मोबदला यूएसडीटीत, म्हणजे डॉलरशी जोडलेल्या डिजिटल नाण्यात दिला आणि वॉलेटमध्ये पाचशे यूएसडीटी आले, की पाचशे डॉलर आले, असं कागदावर दिसतं. यवतमाळ किंवा गडचिरोलीतल्या गावात बसून त्याचे रुपये करायला गेलं की एकाच दिवशी चार भाव समोर येतात. गुगलवर एक भाव असतो, बँकेचा त्याहून थोडा खाली. भारतीय एक्सचेंजवर, म्हणजे अशी नाणी खरेदी-विक्री करायच्या ॲपवर, दोन-चार रुपये जास्त मिळतात, आणि टेलिग्रामवरचा दलाल त्याच्याही वर सांगतो. यातला एकही भाव जसाच्या तसा हातात पडत नाही. खेडा खरेदीला आलेला व्यापारी कापसाचा भाव चढा सांगतो आणि काट्यावर कटती लावतो, तशीच ही गत. म्हणून भाव नुसता विचारू नका, कटती जाऊन खात्यात काय पडतं ते विचारा.

कृषी सेवा केंद्रात, किराणा दुकानात किंवा पेट्रोल पंपावर यूएसडीटी चालत नाही. भारतात ते कायदेशीर चलन नाही. एखाद्याने ओळखीवर घेतलं किंवा तुम्ही त्यातून गिफ्ट कार्ड घेतलं, तरी कायद्याच्या नजरेत ती विक्रीच असते आणि कर तसाच लागतो. त्यामुळे इथे खर्च करायचं म्हणजे आधी रुपये करायचे आणि मग नेहमीसारखं यूपीआयने द्यायचं.

भाव वेगळे का असतात

यूएसडीटी ही टेथर कंपनीची नाणी. एका नाण्यामागे एक डॉलर, असं तिचं वचन आहे. ते वचन डॉलरचं आहे, रुपयाचं नाही. भारतातल्या बँकेतून बाहेर डॉलर पाठवून स्वस्तात यूएसडीटी आणणं आणि इथे विकणं सहज जमत नाही. त्यामुळे इथला माल मर्यादित राहतो आणि भाव बँकेच्या डॉलरपेक्षा काही टक्के वर टिकतो. हा फरक रोज बदलतो. बिटकॉइन पडला आणि लोक खरेदीला धावले की वाढतो, मागणी आटली की कमी होतो. शनिवार-रविवारी परकीय चलनाचा बाजार बंद असतो, पण यूएसडीटीचा सुरू असतो. त्यामुळे रविवारी गुगलवर दिसणारा डॉलर शुक्रवारचा असतो, त्याच्याशी तुलना करून काही कळत नाही.

खुद्द डॉलरशी जोडलेलं नाणंही घसरू शकतं. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली तेव्हा यूएसडीसी हे असंच दुसरं नाणं काही काळ ८८ सेंटच्या आसपास गेलं आणि दोन-तीन दिवसांत सावरलं. मे २०२२ मध्ये टेरायूएसडी नावाचं नाणं घसरलं, ते सावरलंच नाही. पेरणीचे पैसे अशा नाण्यात महिनोन्महिने ठेवू नयेत.

हातात पडणारा भाव काढायची रीत

आकडे उदाहरणापुरते घेऊ. बँकेत डॉलर ८८ रुपये, एक्सचेंजवर यूएसडीटी ९२ च्या आसपास. विकायचे आहेत ५०० यूएसडीटी.

एक्सचेंजच्या ऑर्डर बुकमध्ये, म्हणजे कोण कोणत्या भावाने घ्यायला-विकायला तयार आहे त्या यादीत, खरेदीदार ९१.८० ला उभा आहे. विक्री झाली ४५,९०० रुपयांची. एक्सचेंजचं शुल्क ०.२ टक्के धरलं तर सुमारे ९२ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी सुमारे १६ रुपये. राहिले ४५,७९२. त्यावर १ टक्का टीडीएस, म्हणजे ४५८ रुपये. खात्यात आले ४५,३३४, म्हणजे एका यूएसडीटीला ९०.६७. टीडीएस मात्र तुमच्या पॅनवर जमा असतो आणि विवरणपत्र भरल्यावर करात वळता होतो, म्हणून तुलनेसाठी खरा भाव ९१.५८ धरा.

त्याच ॲपवर ‘झटपट विक्री’चं मोठं बटण असतं. तिथे ‘शुल्क शून्य’ लिहिलेलं, पण भाव ८९.९०. मिळतात ४४,९५०, त्यातून टीडीएस वेगळा. शुल्क भावातच लपलेलं आहे. ऑर्डर बुकच्या तुलनेत ८४२ रुपये गेले, ते फक्त दोन मिनिटं वाचवण्यासाठी. रक्कम हजार-दोन हजारांची असेल तर हे बटण चालतं. रक्कम त्याहून मोठी असेल तर ऑर्डर बुकमध्ये लिमिट ऑर्डरच, म्हणजे आपला भाव ठरवून ऑर्डर, लावावी.

दलाल ९४ म्हणतो: टीडीएस नाही, शुल्क नाही, पूर्ण ४७,०००. ऑर्डर बुकपेक्षा सुमारे १,२०० रुपये जास्त. हे जास्तीचे पैसे कशाचे, ते पुढे.

ग्राहकाने तेच ५०० डॉलर बँकेतून पाठवले तर बँक आपला टीटी बायिंग रेट, म्हणजे बाहेरून आलेले डॉलर ती ज्या भावाने घेते तो, लावते, समजा ८७.३०, आणि मधल्या बँकांचं शुल्क कापलं जातं. हातात ४३,६५० पेक्षाही कमी. भावात हा मार्ग मागे पडतो. पण बँकेकडून परकीय चलन आल्याचा दाखला मिळतो, आणि जीएसटीत सेवा निर्यात सिद्ध करायला तोच लागतो. यूएसडीटीला असा दाखला नाही. उलाढाल वर्षाला २० लाखांकडे सरकत असेल तर नियमित ग्राहकाला बँकेतूनच पाठवायला सांगा, दोन-चार रुपयांचा मोह सोडून.

खातं आधी वेगळं करा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि गावात तीच सगळ्यात महाग पडते. ज्या खात्यात पीएम किसानचा हप्ता, पीकविम्याची भरपाई किंवा अनुदान येतं, किंवा ज्याला पीककर्ज जोडलेलं आहे, ते खातं एक्सचेंजला कधीच जोडू नका. एखाद्या व्यवहारामुळे खात्यावर रोक लागली तर सगळंच अडकतं, आणि ते नेमकं जूनमध्ये झालं तर बियाण्याला पैसे नाहीत. तालुक्याच्या गावी एखाद्या राष्ट्रीयीकृत किंवा खासगी बँकेत वेगळं बचत खातं उघडा. पैसा आला की त्याच दिवशी घरखर्चाच्या खात्यावर वळवू नका, एक-दोन दिवस जाऊ द्या. वादाचा पैसा असेल तर तो पुढच्या खात्यातही माग काढत जातो आणि दोन्ही खाती अडकतात.

पतसंस्थेचं खातं चालत नाही. ग्रामीण बँकेचं चालवायचं असेल तर आयएफएससी कोड तपासा. विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली आहे, जुन्या पासबुकावरचा कोड टाकण्याआधी शाखेत विचारा. एक्सचेंज एक रुपया पाठवून नाव जुळवतं. आपल्याकडे बँकेत आडनाव आधी, पॅनवर शेवटी, आधारवर वडिलांचं नाव गायब, असा गोंधळ असतो. पॅन, आधार आणि पासबुक, तिन्हींवर एकच नाव करून घ्या, नाहीतर पडताळणीतच आठवडा जातो.

एक्सचेंज निवडताना ते एफआययू-आयएनडी, म्हणजे संशयास्पद पैशावर नजर ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या यंत्रणेकडे नोंदलेलं आहे का बघा. मार्च २०२३ पासून हा धंदा मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आला आहे. नोंदणी म्हणजे पैशाची हमी मात्र नाही. १८ जुलै २०२४ ला वझीरएक्सवरून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली, आणि ग्राहकांची शिल्लक वर्षाहून जास्त अडकली. एक्सचेंजवर माल विकण्यापुरताच न्यावा, विकला की रुपये त्याच दिवशी बँकेत. आणखी एक: काही भारतीय ॲपवर बाहेरून नाणी जमाच करता येत नाहीत, फक्त आतल्या आत खरेदी-विक्री होते. खातं उघडण्याआधी ‘डिपॉझिट’मध्ये यूएसडीटी आणि तुमचं नेटवर्क दिसतं का ते पाहा.

नेटवर्क

नेटवर्क म्हणजे नाणी ज्या वाटेने एका वॉलेटमधून दुसऱ्यात जातात ती वाट. यूएसडीटी अशा अनेक नेटवर्कवर चालतं. ट्रॉनवरचा पत्ता इंग्रजी टी अक्षराने सुरू होतो, तो चुकून दुसरीकडे जात नाही, वॉलेटच नाकारतं. खरा घोटाळा इथेरियम, बीएनबी चेन आणि पॉलिगॉनमध्ये होतो, कारण तिन्हींचा पत्ता शून्य-एक्सने सुरू होतो आणि हुबेहूब सारखा असतो. ग्राहकाने बीएनबी चेनवर पाठवलं आणि तुमचं एक्सचेंज तिथे फक्त इथेरियम घेत असेल, तर नाणी पोहोचतात पण खात्यात दिसत नाहीत. परत मिळवायला एक्सचेंजच्या मर्जीवर, शुल्क भरून, थांबावं लागतं. ग्राहकाला पत्त्यासोबत नेटवर्कचं नावही लिहून द्या.

ट्रॉनवरून स्वतःच्या वॉलेटमधून पुढे पाठवायचं तर वॉलेटमध्ये थोडे टीआरएक्स, म्हणजे ट्रॉनची स्वतःची नाणी, लागतात. ते नसतील तर यूएसडीटी समोर दिसतं आणि हलत नाही. समोरच्या पत्त्यावर आधी यूएसडीटी असेल तर साधारण ६-७ टीआरएक्स जळतात, नसेल तर दुप्पट. वीसेक टीआरएक्स कायम ठेवावेत. मोठी रक्कम असेल तर आधी १० यूएसडीटी पाठवून पाहा. पहिल्या वेळी एक्सचेंज पाठवणाऱ्याचं नाव आणि कारण विचारतं, म्हणून बिल आणि ग्राहकाशी झालेला ईमेल तयार ठेवा. आणि पत्ता कधीही जुन्या व्यवहारांच्या यादीतून उचलू नका. तुमच्या पत्त्यासारखीच सुरुवात आणि शेवट असलेल्या पत्त्यावरून शून्य रकमेचा व्यवहार टाकून लोक याचीच वाट बघत असतात.

समोरासमोरच्या विक्रीतली मेख

पी-टू-पी म्हणजे खरेदीदार थेट तुमच्या खात्यात पैसे टाकतो आणि एक्सचेंज तोवर नाणी धरून ठेवतं. भाव एखाद-दीड रुपया वर मिळतो. हा वरचा रुपया बऱ्याचदा धोक्याचा मोबदला असतो. ऑनलाइन फसवणुकीत लुटलेला पैसा यूएसडीटीत बदलायला जो उतावीळ असतो, तो भावाची घासाघीस करत नाही. लुटला गेलेला माणूस १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करतो, पैशाचा माग निघतो आणि तुमचं खातं त्या साखळीत सापडतं. तुम्ही खरा माल विकला, तरी आधी रोक लागते आणि चौकशी नंतर होते.

विकायचंच असेल तर पैसे पाठवणाऱ्याचं बँकेतलं नाव आणि एक्सचेंजवरचं पडताळलेलं नाव तेच असलं पाहिजे. ‘भावाच्या खात्यावरून टाकतो’ म्हटलं की ऑर्डर थांबवा, नाणी सोडू नका, एक्सचेंजकडे वाद नोंदवा. पैसे आले की नाही ते बँकेच्या ॲपमध्ये बघा. स्क्रीनशॉट कुणीही बनवतो, मेसेजही बनावट येतो. ऑर्डरला बहुधा पंधरा मिनिटांची मुदत असते, म्हणून गावात रेंज जात-येत असेल किंवा लाइट जायची वेळ असेल तेव्हा ऑर्डर लावू नका. पैसे येऊनही तुम्ही उत्तर देऊ शकला नाहीत, तर वाद तुमच्यावरच उलटतो. व्यवहाराच्या शेऱ्यात खोटं कारण लिहायला सांगणाऱ्याशी व्यवहारच नको.

रोख घेऊ नका. एका दिवसात एका माणसाकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याने बंद आहे, दंड तेवढ्याच रकमेचा. त्याखालच्या रोखीलाही पैसा कुठून आला याचा पुरावा राहत नाही. दलालाचे ते १,२०० रुपये इथे वसूल होतात.

खातं गोठलंच तर शाखेत चार गोष्टी लेखी मागा: तक्रारीचा पोचपावती क्रमांक, कोणत्या राज्यातल्या कोणत्या पोलीस ठाण्याची किंवा सायबर सेलची नोटीस, वादातली नेमकी रक्कम, आणि त्या व्यवहाराचा यूटीआर, म्हणजे बँकेचा व्यवहार क्रमांक. मग तपास अधिकाऱ्याला ऑर्डर क्रमांक, चॅट, खरेदीदाराचं नाव, नाणी पाठवल्याचा हॅश (नेटवर्कवरचा व्यवहार क्रमांक), ग्राहकाचं बिल आणि बँकेचा उतारा पाठवा, आणि रोक पूर्ण खात्यावर न ठेवता वादातल्या रकमेपुरती करावी असा अर्ज द्या. तिकडून हालचाल नसेल तर वकिलामार्फत न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. ‘पाच हजारात खातं उघडून देतो’ म्हणणारे फोन येतात, ते दुसरे चोर.

कर

यूएसडीटीच्या विक्रीतल्या नफ्यावर ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के उपकर, मिळून ३१.२ टक्के. खरेदी किंमत सोडून काहीच वजा होत नाही, नेटवर्कचं शुल्कही नाही. एका व्यवहारातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वळता होत नाही.

दोन भावांचा प्रश्न इथे पुन्हा येतो. कामाचा मोबदला म्हणून ५०० यूएसडीटी मिळाले, त्या दिवसाची त्यांची रुपयातली किंमत हे तुमचं उत्पन्न, आणि तीच पुढे विक्रीसाठी खरेदी किंमत धरली जाते. ती बँकेच्या ८८ ने लावली आणि ९१.८० ला विकलं, तर १,९०० रुपये नफा दिसतो आणि त्यावर ५९३ रुपये कर. मिळालेल्या दिवशीच्या एक्सचेंजच्या भावाने लावली तर नफा जवळपास शून्य, सगळी रक्कम साध्या उत्पन्नात जाते. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत कर लागत नाही, पण ती सवलत या ३० टक्क्यांवर चालत नाही. म्हणजे ज्याचं उत्पन्न कमी, त्याला चुकीचा भाव धरणं जास्त लागतं. यूएसडीटी बाजारात रुपयात ज्या भावाने विकलं जात होतं, तोच धरणं सयुक्तिक. सीएशी बोलून एक रीत ठरवा आणि वर्षभर तीच ठेवा. नाणी आली त्या मिनिटाला एक्सचेंजच्या भावाचा स्क्रीनशॉट, हॅश आणि बिल एका फोल्डरमध्ये टाका. मार्चमध्ये मागचे भाव शोधत बसणं त्रासाचं आहे.

कर शून्य निघाला तरी विवरणपत्र भरावंच लागतं, नाहीतर कापलेला टीडीएस परत मिळत नाही. आयटीआर-१ आणि ४ मध्ये या व्यवहारांचा तक्ता नाही. कामाचा मोबदला घेणाऱ्याला आयटीआर-३ लागतो. भरण्याआधी आयकर पोर्टलवरचा २६एएस हा तुमच्या पॅनवर जमा कराचा तक्ता उघडून एक्सचेंजने कापलेला टीडीएस तुमच्या पॅनवर पूर्ण दिसतो का ते जुळवा. दिसत नसेल तर एक्सचेंजकडून टीडीएसचं प्रमाणपत्र मागवून घ्या.