जुन्या गाडीचे ब्रेक पाईप आणि ब्रॅकेट बदलायचेत? आधी ब्रॅकेट, मग पाईप

ब्रेक पाईप बदलायचे म्हटलं की लोक थेट पाईप उचकटायला घेतात आणि ब्रॅकेटचं (पाईप आणि होज चॅसीला धरून ठेवणारा पत्रा) नंतर बघू म्हणतात. उलट करा. पाईप बहुतेक वेळा सडतो तो ब्रॅकेटच्या नाहीतर क्लिपच्या खालीच, कारण तिथे चिखल आणि पाणी अडकून राहतं. बाहेर दिसणारा भाग ठणठणीत असतो आणि क्लिप उचलली की खाली नुसते पोपडे. आणि एक पाईप गेला असेल तर सगळे बदला, रबरी होजसकट. होज आतून फुगतात, मग ब्रेक लागतो पण सुटत नाही. १९६० च्या दशकापर्यंतच्या बऱ्याच गाड्यांना सिंगल सर्किट असतं, एक पाईप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले, त्यामुळे "हा अजून वर्षभर चालेल" वगैरे हिशोब इथे चालत नाही.

गाडी स्टँडवर, चाकं काढलेली, पाइपांचे फोटो काढलेले, हे धरून चालतो.

नट सोडवायला फ्लेअर नटचा पाना घ्या, म्हणजे एका बाजूने फट असलेली रिंग (फ्लेअर म्हणजे पाईपचं पसरवलेलं टोक, जे नट आवळल्यावर सील करतं). साध्या उघड्या पान्याने कोपरे गोल होतात. पाईप तसाही टाकूनच द्यायचा असेल तर नटाजवळ सरळ कापा आणि वरून षटकोनी सॉकेट घाला, सगळ्यात सोपं. जाम नटाला गॅसची ज्योत दाखवायची सवय असेल तर एवढं लक्षात ठेवा की ब्रेक क्लीनर मारलेल्या जागी ज्योत न्यायची नाही, काही क्लीनरमध्ये क्लोरीनवालं सॉल्व्हंट असतं आणि ते तापलं की फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. बाकीचा जुना पाईप मात्र न वाकवता काढा, तोच तुमचा साचा.

आता ब्रॅकेट. चॅसीला लागणारी बाजू बघा, दोन पत्र्यांच्या मध्ये गंज फुगून पत्रा वर उचलला गेला असेल तर वरून रंग मारून काही होत नाही, ब्रॅकेट बदला. नवीन करताना मूळच्याच जाडीचा पत्रा घ्या आणि होजचं भोक षटकोनी किंवा एका बाजूने सपाट असेल तर कानशीने तसंच करा. गोल भोक पाडून मोकळे होऊ नका, त्या आकारामुळेच होज फिरत नाही. वेल्डिंग, मागच्या बाजूचा रंग, बोल्ट, सगळं पाईप यायच्या आधी उरकायचं. मग होज नुसता अडकवा, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, चाक पूर्ण खाली लोंबू द्या आणि होज कुठे ताणला किंवा घासला जातोय का बघा. आत्ता दिसलं तर ब्रॅकेट हलवता येतं, नंतर नाही.

पाईप कॉपर-निकेलचा घ्या. नुसतं तांबं वाकवायला छान वाटतं पण कंपनाने कडक होऊन तडकतं, आणि स्टेनलेसला हाताच्या टूलने फ्लेअर काढणं म्हणजे स्वतःचा छळ. साधारण माप ४.७५ मिमी, म्हणजे ३/१६ इंच. नटांचे आटे मात्र डोळ्याने ओळखू नका, गेज लावा. ३/८ इंची, इंचाला २४ आट्यांचा नट एम१० बाय १ च्या (१० मिमी व्यास, आट्यांमध्ये १ मिमी अंतर) भोकात आरामात जातो, घट्ट झाल्यासारखाही वाटतो, आणि जोरात ब्रेक दाबला की आटे सोडून बाहेर येऊ शकतो.

आता खरं काम, फ्लेअर. यातच सगळे अडकतात, मीही बरेच दिवस अडकलो होतो, आणि "टूल चांगलं घ्या" याच्यापुढे कोणी काही सांगत नाही. पहिलं, जुन्या पाईपची दोन्ही टोकं नीट बघा. एक फुगीर आणि दुसरं आत दुमडलेलं डबल फ्लेअर असंही असतं, एकाच पाईपला. जसं आहे तसंच काढायचं. साधं सिंगल फ्लेअर ब्रेकला अजिबात नाही, कोणी काहीही सांगो.

टोक कटरने काटकोनात कापा, आतली बर (कापल्यावर राहिलेली खरखरीत धार) काढा, बाहेरची धार कानशीने थोडी मारा. इथे दोन मिनिटं वाचवली की ती बर घडीत चिरडली जाते आणि तिथूनच तडा. मग नट आत घाला, दोन्ही नट, तोंडं योग्य बाजूला. (सुंदर फ्लेअर काढल्यावर नट टेबलावरच दिसला की काय वाटतं ते विचारू नका.)

पाईप टूलच्या पट्टीच्या (जिच्यात तो आवळून धरतात) वर किती ठेवायचा? त्या मापाच्या अडॅप्टरच्या (टूलसोबतची, टोकात घालून दाबायची बटणासारखी गोळी) कडेची जी जाडी, बरोबर तेवढा. आणि फ्लेअर वाकडं का येतं, तर दहातल्या नऊ वेळा पाईप पट्टीत खाली सरकतो, ओल्या हातातून साबण सटकावा तसा. म्हणून पट्टी व्हाइसमध्ये धरा, पाईपच्या जवळचा स्क्रू आधी आवळा, मग लांबचा, पाईपवर ग्रीस किंवा प्लास्टिक कोटिंग असेल तर तेवढा भाग साफ करा. अडॅप्टरला ब्रेक ऑइलचा एक थेंब लावा, तो पट्टीला टेकेपर्यंत दाबा. टोक आत वळून फुगीर दिसेल. डबल फ्लेअर हवं असेल तर अडॅप्टर काढा आणि टूलच्या नुसत्या शंकूने दुमडा, पण इथे हात आखडता घ्या, जास्त दाबलं की भिंत पातळ होते आणि कड तडकते. टोक उजेडात फिरवून बघा: मधोमध असावं, सीट (जिथे फ्लेअर टेकतं तो भाग) गुळगुळीत, कुठे केसासारखी रेघसुद्धा नको. शंका आली की कापा आणि परत काढा. पाईपचे चार-पाच तुकडे सरावाला खर्च झाले तरी चालतील.

फ्लेअरच्या शेजारी लगेच वाकवू नका, नट मागे सरकेल एवढा सरळ भाग सोडा. मास्टर सिलिंडरजवळ (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा) मूळ पाईपला वेटोळी असतील तर तशीच करा, कंपन तीच झेलतात. आत हवा मारून साफ करा, रबर लावलेल्या क्लिपा साधारण ३० सेंमीवर घ्या. नट आधी हाताने पूर्ण बसवा, मगच पाना. आट्यांवर टेफ्लॉन टेप लावणाऱ्यांना माझा नमस्कार, सील फ्लेअरवर होतं, आट्यांवर नाही.

ऑइल भरा, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या क्रमाने हवा काढा. ब्रेक ऑइलच्या प्रकारांपैकी डॉट ५ सिलिकॉन असतं, ते डॉट ४ मध्ये मिसळू नका. रंगावर सांडलं तर (डॉट ३ किंवा ४ असेल तर) लगेच भरपूर पाणी ओता.

मग कोणाला तरी पेडल जोरात दाबून धरायला सांगा आणि प्रत्येक जोडाला कोरडा टिश्यू लावून बघा. ओला आला तर नट थोडा सैल करून परत आवळा, कॉपर-निकेल असं दुसऱ्यांदा नीट बसतं. तरीही ओला आला तर फ्लेअर कापून नवीन काढा. पहिल्या फेरीनंतर, गाडी गार झाल्यावर, हेच परत एकदा करा.