लग्नाचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकताय? या चुका टाळा

लग्नसराई संपत आली की शूटिंगवाल्यांना हा फोन ठरलेला: "दादा, आमचा व्हिडिओ यूट्यूबवर दिसतच नाही." एडिटरचा दोष नसतो. पाठवणीच्या दृश्याखाली घातलेलं सिनेमातलं गाणं यूट्यूबच्या कंटेंट आयडीने, म्हणजे हक्क असलेली गाणी आपोआप शोधणाऱ्या यंत्रणेने, ओळखलेलं असतं.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, "लग्नात गाणी वाजवायला परवाना लागत नाही, कायद्यातच लिहिलंय." हे अर्धंच खरं. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ नुसार खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीच्या ओघात गाणं वाजवणं हे उल्लंघन नाही, आणि वरात व लग्नाशी जोडलेले समारंभ त्यातच धरले आहेत. पण सवलत आहे ती वाजवण्याला, समारंभ चालू असताना. तेच गाणं नंतर संगणकावर बसून व्हिडिओला चिकटवणं आणि जगाला दाखवणं यात विधी कुठे आला? सवलत मनाला येईल तशी ताणता येत नाही, हे गोव्यातही दिसलं. लग्नातल्या संगीतासाठी रॉयल्टी मागू नये अशा अर्थाचं परिपत्रक गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये काढलं होतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रद्द केलं. कलम ५२ जागच्या जागी आहे, परिपत्रक मात्र गेलं.

दुसरी गफलत जुन्या रचनांची. अभंग तुकोबांचा, मग हक्क कुणाचा असणार? शब्दांवर कुणाचाच नाही, हे बरोबर. पण त्याला एखाद्या संगीतकाराने दिलेली चाल वेगळी, आणि भीमसेनजींच्या आवाजातलं रेकॉर्डिंग त्याहून वेगळं. चालीवरचा हक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, रेकॉर्डिंगवरचा ते प्रसिद्ध झाल्यापासून ६०. ही मुदत पुढच्या वर्षारंभापासून मोजतात. पारंपरिक शब्दांच्या आणि चालीच्या मंगलाष्टका घरच्याच मंडळींनी म्हटल्या असतील तर ते रेकॉर्डिंग खुशाल वापरा. खरं सांगायचं तर विकतच्या गाण्यापेक्षा आत्याचा थरथरता आवाजच जास्त भिडतो.

"३० सेकंदांपर्यंत चालतं" असा नियम आपल्या कायद्यात नाही. खाली 'श्रेय मूळ मालकाचं' लिहून किंवा जाहिराती बंद ठेवूनही परवानगी मिळत नाही. वेग थोडा वाढवून यंत्रणेला चकवण्याचा खटाटोप तर सोडाच.

नोटीस आलीच तर आधी ती नीट वाचा, कारण क्लेम (गाण्याच्या मालकाचा व्हिडिओवरचा दावा) आणि स्ट्राइक (चॅनेलच्या नावावर लागणारा ठपका) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्लेममध्ये बहुधा जाहिरातीचे पैसे गाण्याच्या मालकाकडे जातात किंवा व्हिडिओ काही देशांत दिसत नाही, चॅनेलला धक्का लागत नाही. स्ट्राइक गंभीर: ९० दिवसांत तीन झाले की चॅनेल बंद होऊ शकतं. क्लेम असेल तर यूट्यूब स्टुडिओमध्ये तेवढा तुकडा काढा, म्यूट करा किंवा ऑडिओ लायब्ररीतलं संगीत लावा, म्हणजे व्हिडिओ पुन्हा अपलोड करावा लागत नाही. रागाच्या भरात 'डिस्प्यूट', म्हणजे क्लेम मान्य नसल्याचं बटण, दाबू नका. गाण्याच्या मालकाने तुमची हरकत फेटाळून व्हिडिओ काढायला लावला तर साध्या क्लेमचा स्ट्राइक होतो.

शेवटची चूक स्टुडिओवाल्यांची, आणि ती गाण्याची नाही. "शूट मी केलं, व्हिडिओ माझा." कलम १७ प्रमाणे मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोंचा आणि फिल्मचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. म्हणजे नवरीच्या वडिलांनी बिल भरलं असेल तर तुमच्या पेजवर हायलाइट टाकण्यासाठी त्यांची परवानगी हवी. बुकिंगच्या पावतीवरच दोन ओळी छापून घ्या: नमुना म्हणून वापरायला हरकत नाही, आणि गाण्यांची परवानगी कोण घेणार. सही हळदीच्या आधी घ्या, नंतर कुणाला वेळ नसतो.