न्यूयॉर्कमध्ये फिलिपिनो जेवण : कुठं जायचं आणि काय मागवायचं

न्यूयॉर्कमध्ये फिलिपिनो जेवायचंय? मग मॅनहॅटनमध्ये शोधाशोध करत बसू नका. तिथेही चांगली रेस्टॉरंट्स आहेत, पण पहिल्यांदा खाणाऱ्याने सात नंबरची ट्रेन पकडावी आणि क्वीन्समधल्या वुडसाइडला जावं. रूझवेल्ट अ‍ॅव्हेन्यूवर, साठाव्या ते सत्तराव्या स्ट्रीटच्या दरम्यान जो पट्टा आहे त्याला लोक 'लिटल मनिला' म्हणतात. २०२२ पासून सत्तराव्या स्ट्रीटच्या कोपऱ्यावर त्या नावाची अधिकृत पाटीही लागली आहे.

हा पट्टा इथेच का? १९६५ मध्ये अमेरिकेचा स्थलांतराचा कायदा बदलला आणि फिलिपिन्समधून नर्सेस मोठ्या संख्येने येऊ लागल्या. एल्महर्स्टचं मोठं सरकारी हॉस्पिटल इथून हाकेच्या अंतरावर. ड्यूटी संपवून घरी जाताना भात आणि कालवण कुठे मिळेल, या गरजेतून ही दुकानं उभी राहिली. म्हणून इथलं जेवण आजही घरगुती वळणाचं आहे, मिरवायचं नाही.

आधी पोहोचायचं कसं

सात नंबरच्या लोकल गाडीने ६९ स्ट्रीट स्टेशनवर उतरा. एक्स्प्रेस तिथे थांबत नाही, ती ६१ स्ट्रीट–वुडसाइडला थांबते. तिथून चालत आलात तरी हरकत नाही, उलट वाटेत जॉलिबी ही फिलिपिनो फास्ट फूडची चेन लागते. मराठी मंडळींसाठी आणखी सोपा हिशेब : जॅक्सन हाइट्सला ७४ स्ट्रीटवर पोहे, गोडा मसाला, भेंडी घ्यायला तुम्ही जातच असाल. तिथून रुळांखालून सरळ पश्चिमेला चालत सुटा. दहा मिनिटंही लागत नाहीत. किराणा मात्र परतताना घ्या, पिशव्या सांभाळत जेवण होत नाही.

भूक ठेवून या आणि शक्यतो तिघं-चौघं या. एकट्याने आलात तर एकच पदार्थ खाऊन परत जाल. खिशात थोडी रोख रक्कम असू द्या, छोट्या दुकानांत उपयोगी पडते. निघण्यापूर्वी कुठलं दुकान कोणत्या वारी बंद असतं ते फोनवर बघून घ्या.

दुकान कसं निवडायचं

तीन प्रकारची ठिकाणं दिसतील. पहिला प्रकार 'तुरो-तुरो'. काचेमागे गरम वाफेवर ठेवलेले स्टीलचे ट्रे, प्रत्येकात एक कालवण किंवा भाजी. आपण बोट दाखवायचं, ताई भाताच्या ढिगाशेजारी दोन पदार्थ वाढतात. नावं ठाऊक नसली तरी काही अडत नाही, म्हणून नवख्याने इथूनच सुरुवात करावी. दुपारी बारा-साडेबाराला गेलात तर ट्रे भरलेले असतात. तीननंतर तळाशी उरलेला रस्सा आणि कडेला वाळलेली साय दिसते, तेव्हा जाऊ नका. काउंटरवरच्या बाईंना 'आते' म्हणा, पुरुषाला 'कुया'. थोरली बहीण आणि थोरला भाऊ. आपण ताई-दादा म्हणतो तसंच. वाढताना हात थोडा सैल सुटतो, हा माझा अनुभव.

दुसरा प्रकार म्हणजे बसून मागवायची रेस्टॉरंट्स. रूझवेल्ट अ‍ॅव्हेन्यूवरचं रेनीज किचनेट आणि सत्तराव्या स्ट्रीटवरचं इहावान ही इथली जुनी नावं. इहावानची ओळख कोळशावरच्या भाजलेल्या मांसाची. काडीला लावलेले डुकराच्या मांसाचे गोडसर, कडा किंचित करपलेले तुकडे तिथे आधी मागवा, बाकीचं नंतर ठरवा.

तिसरा प्रकार चेनचा. जॉलिबीची वुडसाइडची शाखा २००९ ची. मनिलाजवळच्या केसोन सिटीत १९७५ साली आइस्क्रीमचं दुकान म्हणून सुरू झालेली ही कंपनी आज जगभर आहे. तळलेलं चिकन उत्तम, ग्रेव्हीत बुडवून भाताबरोबर खायचं. स्पॅगेटी गोड असते, वर हॉट डॉगच्या चकत्या. मुलांना आवडते, मला नाही. पीच-मँगो पाय मात्र सोडू नका. पण एका दुपारचंच पोट असेल तर जॉलिबीवर ते खर्च करू नका.

काय मागवायचं

सुरुवात सिनिगांगने करा. हे आंबट, पातळ कालवण. आंबटपणा चिंचेचा, आणि आत काय काय असतं बघा : मुळा, भेंडी, चवळीच्या लांब शेंगा, अळकुडी, वर नाळीची भाजी. सगळी आपल्या मंडईतली मंडळी, फक्त फोडणी नाही, हळद नाही, तिखट नाही. डुकराच्या मांसाचं, कोलंबीचं किंवा बांगुस नावाच्या माशाचं मिळतं. बांगुसला काटे फार, पण मत्स्याहारी माणसाने तोच घ्यावा. पहिल्या घोटाला जीभ आवळली पाहिजे. तसं नाही झालं तर ते दुकान पुन्हा निवडू नका. मी दुकानाची पारख याच एका वाडग्यावर करतो.

मग लाइंग. अळूची वाळवलेली पानं नारळाच्या दुधात आटवून केलेली भाजी, लुझोन बेटाच्या दक्षिणेकडच्या बिकोल भागातली. हा भाग तिखट खातो, फिलिपिन्समध्ये ते अपवादाचं आहे. कोकणातल्या माणसाला लाइंग समजावून सांगावं लागत नाही. फक्त एवढं ध्यानात ठेवा की अळूबरोबर डुकराचं मांस किंवा सुकवलेली कोलंबी बहुतेक असतेच.

अडोबो सगळीकडे मिळतं : चिकन किंवा डुकराचं मांस व्हिनेगर, सोया सॉस, लसूण, मिरे आणि तमालपत्रात शिजवलेलं. चांगलं असतं, पण सगळेजण तेवढंच मागवून थांबतात. त्याऐवजी सिसिग मागवा. डुकराच्या डोक्याचं मांस आणि कान बारीक कापून, कांदा-मिरची घालून, तापलेल्या लोखंडी तव्यावर चरचरत आणतात. आजच्या रूपातलं सिसिग पंपांगा प्रांतातल्या अँजेलिस शहरातलं. शेजारी अमेरिकेचा क्लार्क हवाई तळ होता, तिथल्या मेसमध्ये डुकराची डोकी वापरली जात नसत, ती स्वस्तात मिळत. १९७४ च्या सुमारास लुसिया कुनानन नावाच्या बाईंनी ती भाजून, चिरून तव्यावर वाढायला सुरुवात केली, असं मानतात. तवा टेबलावर आला की लगेच कलमांसीचं छोटं लिंबू पिळा आणि खालचा थर कुरकुरीत होईपर्यंत एक मिनिट थांबा. लगेच ढवळलंत तर सगळी मजा गेली.

चौघांसाठी माझी ऑर्डर अशी : एक सिनिगांग, एक लाइंग, एक सिसिग, भाजलेल्या काड्या, एक पान्सित म्हणजे नूडल्स, आणि सगळ्यांना लसणाचा परतलेला भात. कारे-कारे हे शेंगदाण्याच्या दाट रश्शातलं बैलाच्या शेपटीचं मांस. बीफ खाणाऱ्यांनी ते जरूर घ्यावं. दिनुगुआन हे रक्तातलं कालवण, रंग काळपट. कोणी न सांगता समोर ठेवलं तर धक्का बसेल, म्हणून आधीच सांगितलं.

टेबलावरच्या बाटल्या

इथे बरेच जण चुकतात. पदार्थ फिका लागला म्हणून तिखट मागतात, आणि बाटलीकडे बघतही नाहीत. त्या बाटलीत व्हिनेगर असतं, तळाशी ठेचलेला लसूण आणि बारक्या मिरच्या मुरलेल्या. वाटीत ओतून घ्या आणि भाजलेला, तळलेला प्रत्येक तुकडा त्यात बुडवा. प्रत्येकाने आपापल्या वाटीत आपली चव जुळवायची अशीच ही पद्धत आहे, स्वयंपाक्याला त्यात अपमान वाटत नाही. लालसर केचप दिसेल ते टोमॅटोचं नसून केळ्याचं. टोमॅटोची टंचाई असताना मारिया ओरोसा या अन्नरसायनतज्ज्ञ बाईंनी ते तयार केलं, असं श्रेय त्यांना देतात. दुसऱ्या महायुद्धात, १९४५ च्या मनिलाच्या लढाईत त्यांचा अंत झाला.

जेवण काटा डाव्या हातात आणि चमचा उजव्या हातात धरून करतात, सुरी नसते. हाताने खाल्लंत तर कोणी नाक मुरडणार नाही. केळीच्या पानांवर सगळं मांडून हाताने खायच्या पंगतीला 'कमायान' म्हणतात. काही ठिकाणी ती मिळते, पण आगाऊ सांगावं लागतं.

शाकाहारी असाल तर

स्पष्टच सांगतो, अवघड आहे. पिनाकबेत ही कारलं, वांगं, भेंडी, भोपळ्याची भाजी दिसायला अगदी निर्मळ, पण तिच्यात बागोओंग असतं, म्हणजे आंबवलेल्या जवळ्याची किंवा माशाची पेस्ट. नूडल्स कोंबडीच्या पाण्यात शिजतात. 'मांस नको' म्हणालात तर मासा येईल. म्हणून मांस, मासे, कोलंबी, बागोओंग, फिश सॉस अशी नावं घेऊन विचारा. लसणाचा भात, टोफू, तुरोन म्हणजे केळं आणि फणसाचा तळलेला रोल यांवर भूक भागेल. खरी चंगळ गोडाची. हालो-हालोमध्ये किसलेला बर्फ, दूध, गोड शिजवलेली कडधान्यं, नारळाचे तुकडे आणि वर जांभळ्या कोनफळाचं उबे आइस्क्रीम. कॅरमेलचा तुकडा असतो तो अंड्याचा, चालत नसेल तर आधी सांगा. चमचा तळापर्यंत घालून सगळं कालवा, मगच खा.

परतताना

सत्तराव्या स्ट्रीटवरच्या फिल-अ‍ॅम फूड मार्टमध्ये शिरा. मिरच्यांचं व्हिनेगर, केळ्याचं केचप, सिनिगांगची चिंचेची पुडी, फ्रीझरमधले लुंपिया म्हणजे स्प्रिंग रोल एवढं घेतलंत तरी घरी एक जेवण होतं. बागोओंगची बाटली दोन पिशव्यांत बांधा, नाहीतर ट्रेनमध्ये लोक जागा बदलतात.

नदीपलीकडे जर्सी सिटीत राहणाऱ्यांना एवढा प्रवास दरवेळी करायला नको. न्यूअर्क अ‍ॅव्हेन्यूवर आपली इंडिया स्क्वेअर आहे, त्याच रस्त्यावर पुढे फिलिपिन ब्रेड हाउस ही जुनी बेकरी आहे. सकाळी जाऊन पांदेसाल हे मऊ पाव घ्या, चहाबरोबर गरम असतानाच संपवा. आणि जून महिन्याच्या पहिल्या रविवारी मॅनहॅटनमध्ये असाल तर मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूवर फिलिपिन्सच्या स्वातंत्र्यदिनाची परेड असते, तिथे खाण्याचे स्टॉल लागतात. सकाळी लवकर जा, दुपारनंतर काड्यांसाठी रांग हलत नाही.