लिस्बनमध्ये तीन दिवस: या चुका टाळा

लिस्बनमध्ये फिरणाऱ्यांच्या बहुतेक चुकांचं मूळ एकच आहे: फोनवरचा नकाशा सपाट असतो आणि शहर डोंगरउतारांवर वसलेलं आहे. दोन ठिकाणं पाचशे मीटरवर दिसतात म्हणून आपण चालू लागतो आणि मध्ये जिन्यामागून जिने लागतात. दुपारपर्यंत पोटऱ्या भरून येतात, घरच्यांशी कुरबुर सुरू होते, आणि उरलेला दिवस भर चौकातल्या महागड्या कॅफेत बसून जातो. तिथली माणसं असं करत नाहीत. चढायला लिफ्ट, सरकते जिने, बस, ट्राम; पायी चालणं उतारावर. एवढी एक सवय उचलली तरी तीन दिवसांत खूप काही पदरात पडतं.

किल्ला पायी चढणं

साओ जॉर्ज किल्ल्याकडे जाणारे बहुतेक लोक उन्हात कॅथेड्रलच्या बाजूने चढत राहतात. त्याऐवजी खालच्या बैशा भागात रुआ दुश फांकेरुश या रस्त्यावर 170 क्रमांकाची इमारत शोधा. बाहेरून ती चारचौघींसारखीच आहे, पण आत महापालिकेची लिफ्ट आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. वर रुआ दा मादालेनावर निघालात की रस्ता ओलांडून छोट्या चौकातून पुढे जा. समोर सुपरमार्केट आणि पार्किंग असलेली इमारत दिसेल, तिच्यात दुसरी लिफ्ट आहे, तीही फुकट. बाजाराच्या पिशव्या घेतलेल्या आजीबाईंच्या मागोमाग गेलात तरी चालेल. वर पोचलात की बैशाची लाल कौलं आणि तेजू नदी समोर येते, आणि किल्ल्याचा मोठा चढ मागे पडलेला असतो. या लिफ्ट अधूनमधून दुरुस्तीसाठी बंद असतात. तसं झालं तर मागे फिरून प्रासा दा फिगेइरा चौकातून 737 नंबरची छोटी बस धरा, ती थेट किल्ल्यापाशी सोडते.

बैशातून शियादूच्या उंचीवर जायचं असेल तर बैशा-शियादू मेट्रो स्टेशनचे लांबलचक सरकते जिने वापरा. खालच्या दारातून आत शिरायचं आणि वरच्या दारातून कॅफेंच्या चौकात बाहेर पडायचं. 1902 साली सुरू झालेल्या सांता जुश्ता या लोखंडी लिफ्टच्या रांगेत तासभर उभं राहण्यात अर्थ नाही. शियादूकडून कार्मो मठाच्या बाजूने गेलात की तिच्या वरच्या पुलाच्या उंचीवर आपण आपोआप पोचलेलो असतो. कार्मोची छप्पर नसलेली दगडी कमान मात्र थांबून बघा. 1 नोव्हेंबर 1755 च्या भूकंपात ते चर्च कोसळलं आणि पुढे तसंच राहू दिलं गेलं.

28 नंबरच्या ट्रामसाठी सकाळ घालवणं

पिवळी, जुन्या बनावटीची 28 सुंदर आहे, यात वाद नाही. पण सकाळी दहा वाजता मार्तीं मोनीज चौकात तिच्या रांगेत उभं राहिलात तर अर्धा दिवस गेलाच म्हणून समजा. शिवाय खचाखच भरलेल्या डब्यात खिसेकापूंचं फावतं, तेव्हा पाकीट आणि फोन पुढच्या खिशात, हाताखाली ठेवा. बसायचंच असेल तर सकाळी लवकर जा, किंवा दुसऱ्या टोकाहून, म्हणजे प्राझेरेश दफनभूमीजवळच्या थांब्यावरून चढा. त्या निमित्ताने काम्पु द ओरीक ही शांत वस्ती आणि तिथला मंडईवजा बाजारही बघून होतो.

त्याच जुन्या बनावटीच्या ट्राम इतर मार्गांवरही धावतात. 12 नंबर किल्ल्याच्या टेकडीला वळसा घालते, 24 नंबर कामोंईश चौकातून प्रिन्सिप रियाल बागेकडे चढते. गर्दी बरीच कमी.

तिकिटाचा गोंधळ

ट्राममध्ये चालकाकडून तिकीट घेणं खूप महाग पडतं. मेट्रोच्या यंत्रातून 50 सेंटचं पुठ्ठ्याचं कार्ड घ्या आणि त्यात ‘झॅपिंग’ म्हणून पैसे भरा. मग मेट्रो, बस, ट्राम, नदीवरची फेरी आणि जवळच्या सिंत्रा, काश्काइश या गावांना जाणाऱ्या लोकल, सगळीकडे तेच चालतं.

अडतं ते नेमकं दोन ठिकाणी. पहिलं, एकाच कार्डावर दोघांना जाता येत नाही. प्रत्येकाचं कार्ड वेगळं हवं. दुसरं, कार्डावर एकदा सुटी तिकिटं किंवा 24 तासांचा पास भरलेला असेल तर ते संपेपर्यंत यंत्र झॅपिंगचे पैसे घेत नाही. यंत्राशी भांडत बसू नका. आणखी 50 सेंट देऊन दुसरं कार्ड घ्या आणि कोणतं कशाचं ते पेनाने लिहून ठेवा.

आल्फामात चुकीच्या गोष्टींची हौस

जुन्या वस्तीत राहायचं म्हणून आल्फामातलं घर आरक्षित करण्याआधी दोन प्रश्न विचारा: गाडी दारापर्यंत येते का, आणि इमारतीला लिफ्ट आहे का? दोन्हींचं उत्तर बहुधा ‘नाही’ असतं. गुळगुळीत चुनखडीच्या फरसबंदीवरून, पायऱ्यापायऱ्यांनी चाकांची बॅग ओढणं हे ज्येष्ठांना घेऊन करण्याचं काम नव्हे. मेट्रोच्या हिरव्या मार्गावर बैशात किंवा आंजुशला राहा आणि आल्फामात फिरायला जा. ही फरसबंदी पावसात फार निसरडी होते, त्यामुळे चांगली पकड असलेले बूट नक्की हवेत.

1755 नंतर बैशाची फेरउभारणी मार्केश द पोंबाल या मंत्र्याच्या देखरेखीखाली सरळ रेषेत झाली. आल्फामा खडकावर असल्याने बरीचशी टिकली आणि तिच्या बोळांचं जाळंही टिकलं. उंच भिंतींमध्ये फोनचा निळा ठिपका भरकटतो. रस्ता चुकलात तर फोन खिशात टाका आणि उतार धरा. उतार शेवटी नदीकाठी आणतोच. आणि हे लक्षात असू द्या की त्या बोळांमध्ये लोक राहतात, दोरीवर वाळणारे कपडे त्यांचे आहेत. उघड्या खिडकीत कॅमेरा घालू नये, रात्री मोठ्याने बोलू नये.

सूर्यास्तासाठी पोर्ताश दु सोलच्या सज्जावर गर्दी करतात, पण तो पूर्वेकडे तोंड करून आहे. तिथे सकाळी जा. संध्याकाळी ग्रासा वस्तीतला सेन्योरा दु मोंत हा कट्टा गाठा.

फादू हे इथलं पारंपरिक गाणं ऐकायला गेलात तर गाणं चालू असताना बोलणं, चमचे वाजवणं, बिल मागणं हा सरळसरळ अपमान आहे. दोन गाण्यांच्या मध्ये वेळ मिळतो, तेवढ्यात मागवा.

जेवणाच्या टेबलावर

बसल्याबरोबर पाव, ऑलिव्ह, चीज समोर येतं. ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता ‘नाऊं, ओब्रिगादु’ म्हणा (बाई असाल तर ‘ओब्रिगादा’), उचलून नेतात आणि कुणी वाईट वाटून घेत नाही. मेनूत ‘मेया दोज’ म्हणजे अर्धी प्लेट असेल तर तीच एका माणसाला पुरते. दुपारी साध्या खाणावळीत ‘प्रातु दु दिया’ विचारा, रोजचं ताजं आणि स्वस्त जेवण तेच. कॉफी काउंटरशी उभं राहून प्या. बाहेरच्या टेबलावर तीच महाग असू शकते.

शाकाहारी मंडळींनी काल्दु व्हेर्द या हिरव्या पालेभाजीच्या सूपला भुलू नये, त्यात सॉसेजची चकती असते. ती टाकू नका असं आधी सांगावं लागतं. पाश्तेल द नाता या गोड टार्टमध्ये अंड्याचा बलक असतो. बेकऱ्यांच्या काचेमागे दिसणारा ‘शामुसा’ म्हणजे आपला समोसाच. गोव्याशी साडेचारशे वर्षं जोडलेल्या या शहरात तो अगदी घरचा झाला आहे, पण आत बहुधा खिमा असतो. विचारून घ्या.

बेलें सोमवारी ठेवणं

बेलें या नदीकाठच्या भागातला जेरोनिमुश मठ सोमवारी बंद असतो, म्हणून बेलेंचा दिवस दुसरा निवडा. तिथे दोन वेगळ्या रांगा असतात. कोरीव ओवऱ्यांच्या चौकाला तिकीट लागतं, चर्चला लागत नाही. बरेच जण चुकीच्या रांगेत ताटकळतात, तेव्हा उभं राहण्याआधी पुढे जाऊन विचारा. चर्चमध्ये शिरताच वास्को द गामाची समाधी आहे. तो 1524 साली कोचीनला वारला, अस्थी नंतर पोर्तुगालला नेल्या आणि 1880 मध्ये इथे आणल्या. गोवा-कोकणच्या माणसाने त्या दगडासमोर पाच मिनिटं थांबावं, असं मला मनापासून वाटतं. आपल्या किनाऱ्याचं बरंचसं नशीब त्या प्रवासांनी बदललं.

जवळच 1837 पासून चालू असलेल्या टार्टच्या दुकानाबाहेरची रांग बहुधा बांधून नेणाऱ्यांची असते. आत बसायला मोठमोठी दालनं आहेत, सरळ आत जाऊन बघा. दालचिनीची डबी टेबलावरच असते.

त्याच दिवशी सिंत्राही उरकायचा मोह होतो. तो टाळा, सिंत्राला स्वतंत्र दिवस लागतो. आणि संध्याकाळी बेलेंहून परतताना 15 नंबरची ट्राम भरून येत असेल तर थोडं चालून बेलेंचं लोकल स्टेशन गाठा. शहरातल्या काइश दु सोद्रे स्टेशनला जाणारी गाडी झॅपिंगवर चालते आणि ट्रामच्या आधी पोचवते.