टांझानियात वेळ ऐकली की सहा मिळवा
टांझानियात प्रसूतिकक्षात प्लेसमेंटला, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला, जाणार असाल, तर आधी तिथलं घड्याळ शिकून घ्या. स्वाहिलीत तास साधारण सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. कळा ‘दोन वाजता’ सुरू झाल्या असं बाईनं सांगितलं, तर ते आठ असतात. सहा मिळवा, सकाळ की रात्र हे विचारा आणि नोंद चोवीस तासांच्या घड्याळातच करा. इथे घोळ झाला तर प्रसूती किती लांबली याचा हिशेबच चुकतो, आणि ते आई-बाळाच्या जिवावर बेतू शकतं. ड्युटीची वेळही तशीच पडताळा. आणि हो, पिनार्डनं, म्हणजे आईच्या पोटावर टेकवायच्या कर्ण्यासारख्या नळीनं, बाळाचे ठोके ऐकायचा सराव निघण्यापूर्वीच करा: कळ ओसरल्याबरोबर, पूर्ण एक मिनिट.